खो देणाऱ्याचं नाव

स्पर्धा संपली की दोन निकाल लागतात. पहिला फलकावर लिहिलेला असतो. तो पटो न पटो, मान्य करावा लागतो. दुसरा माइकवरून सांगितला जातो, ‘आणि या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू...’ तिथून जो वाद सुरू होतो, तो मंडप उतरला तरी संपत नाही. चहाच्या टपरीवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, जालना-अंबड बसच्या मागच्या सीटवर तो चालूच राहतो.

२ एप्रिल २०११ची वानखेडेवरची रात्र घ्या. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनी नाबाद ९१. शेवटचा तो षटकार ज्यांनी तेव्हा पाहिला नाही, त्यांनीही नंतर रीलवर शंभरदा पाहिलाय. सामनावीर धोनी. पण त्याआधी सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर परतला होता, सचिन १८वर गेला होता आणि पहिल्या षटकातच मैदानात आलेला गंभीर विजय नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत उभा होता. त्याच्या ९७. मग सामना कुणाचा? आणि पूर्ण स्पर्धा बघायची तर ३६२ धावा आणि १५ बळी घेणारा युवराज, म्हणून स्पर्धावीर तो. मग २१ बळी घेणारा झहीर कुठे गेला? मी जालन्यात ज्या बियाणं कंपनीत काम करते, तिथल्या प्रयोगशाळेत या विषयावर आजही दोन पक्ष आहेत आणि जेवणाच्या सुट्टीत हा विषय काढायचा नाही असा अलिखित नियम आहे.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतो, जो म्हणतो, “संघ जिंकला ना? मग बास की. कशाला उगाच भांडता?” ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण मला हा वाद फालतू वाटत नाही. श्रेय वाटण्याचं काम आपण जन्मभर करत असतो. घरात, शेतात, ऑफिसात, भावकीत. आणि बहुतेक ठिकाणी ते गुपचूप होतं. कुणाचा पगार वाढला, कुणाचं नाव पत्रिकेत छापलं, लग्न नीट पार पडलं ते कुणामुळे. तिथे आपण उघड वाद घालू शकत नाही. खेळ ही अशी एक जागा आहे, जिथे हा प्रश्न चारचौघांत, आकडे समोर ठेवून विचारता येतो. म्हणून तो तिथे नीट विचारायला हवा.

बास्केटबॉलवाले हा वाद फार बारकाईनं घालतात. मैदानावर एका बाजूला पाचच खेळाडू, त्यामुळे प्रत्येकाचं काम दिसतं आणि मोजलं जातं. अमेरिकेतल्या एनबीएच्या अंतिम मालिकेत ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ म्हणजे एमव्हीपी निवडतात. २०१५ सालची गोष्ट. गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स. क्लीव्हलँडचे दोन मोठे खेळाडू जायबंदी. उरला लेब्रॉन जेम्स. त्यानं एकट्यानं सामन्यामागे सरासरी ३५.८ गुण केले. पण मालिका गोल्डन स्टेटनं ४-२ अशी जिंकली. त्यांच्याकडे स्टेफन करी होता, त्या मोसमाचा एमव्हीपी. आणि अंतिम मालिकेचा पुरस्कार मिळाला कुणाला? आंद्रे इग्वोडालाला. हा माणूस त्या मोसमातल्या साखळीत एकही सामना सुरुवातीपासून खेळला नव्हता. बाकावरून उठून यायचा. संघ १-२ असा मागे पडला, तेव्हा चौथ्या सामन्यात प्रशिक्षकांनी त्याला सुरुवातीपासून उतरवलं आणि पुढचे तिन्ही सामने संघ जिंकला. त्याचं मुख्य काम लेब्रॉनसमोर उभं राहायचं, त्याला सोपा बास्केट मिळू द्यायचा नाही. अकरा मतांपैकी सात इग्वोडालाला, चार हरलेल्या लेब्रॉनला. करीला शून्य.

या सात आणि चार मतांकडे नीट पाहा. दोन्ही गटांनी एकच सामने पाहिले होते. आकडेही एकच. फरक पडला तो प्रश्नात. चार जणांनी स्वतःला विचारलं, “सगळ्यात चांगलं कोण खेळलं?” सात जणांनी विचारलं, “कुणामुळे निकाल बदलला?” हे दोन प्रश्न दिसायला जुळे आहेत, पण सख्खे नाहीत.

घरातलं उदाहरण देते. भाजीत मीठ नसेल तर ताट बाजूला सरकवलं जातं. म्हणजे निकाल मिठावर ठरतो. पण जेवून उठताना “आज मीठ काय झकास होतं” असं कुणी म्हणत नाही. कौतुक होतं ते वांग्याचं किंवा फोडणीचं. ज्याच्यावाचून चालत नाही ते आणि जे सर्वांत छान ते, या दोन वेगळ्या जागा आहेत. एमव्हीपीचा निम्मा वाद हा की एक जण मिठाबद्दल बोलत असतो आणि दुसरा वांग्याबद्दल, आणि दोघांनाही वाटतं समोरच्याला स्वयंपाकातलं कळत नाही.

मग सरळ ‘कुणावाचून अडलं असतं’ हा निकष लावावा का? त्यातही एक पेच आहे. पावसाळ्यात आमच्याकडच्या काळ्या मातीत ट्रॉली रुतते. पाच जण ढकलतात, हलत नाही. सहावा येतो, खांदा लावतो, ट्रॉली निघते. सहावा गावभर सांगतो, “मी आलो म्हणून निघाली.” ते खोटं नाही. पण पहिल्या पाचांपैकी कुणीही हेच म्हटलं तर तेही खोटं नाही. सहा जण लागणार होते, म्हणजे सहाही जण अपरिहार्य. प्रत्येकाला शंभर टक्के श्रेय द्यायचं तर बेरीज सहाशे होते. तरी नाव होतं सहाव्याचंच, कारण तो आला आणि चाक फिरलं. शेवटचा हात लोकांच्या लक्षात राहतो.

लॉइड शॅप्ली नावाच्या गणितज्ञानं १९५३ साली यावर उत्तर काढलं. त्याचं म्हणणं सोप्या भाषेत असं: माणसं ज्या ज्या क्रमानं येऊ शकली असती, ते सगळे क्रम मांडा. प्रत्येक क्रमात एखाद्याच्या येण्यानं किती फरक पडला ते बघा आणि त्याची सरासरी काढा. तो त्याचा वाटा. ट्रॉलीच्या बाबतीत सहाही जणांना सारखा वाटा येतो. शेवटी येण्याचा फायदा संपतो. हे गणित पुढे खूप कामाला आलं. शॅप्लीला २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं, ते मात्र त्याच्या दुसऱ्या कामासाठी. पण सामना सगळ्या क्रमांनी पुन्हा पुन्हा खेळवता येत नाही. तो एकदाच होतो, संध्याकाळी उजेड असेपर्यंत. म्हणून गणित दिशा दाखवतं, निवाडा माणसालाच करावा लागतो. आणि माणूस निवाडा करतो तो त्याच्यापुढे जो कागद असतो त्यावरून.

त्या कागदाबद्दल मला बोलायचंय, कारण तो मी भरलेला आहे.

मी शाळेत खो-खो खेळले. माझ्या नावावर गडी फार नाहीत, पण खेळ कळतो, म्हणून आता हिवाळ्यात आसपासच्या गावांत स्पर्धा असल्या की गुणलेखनाला बोलावतात. ज्यांनी खो-खो फक्त शाळेच्या पीटीच्या तासाला पाहिलाय, त्यांच्यासाठी थोडक्यात. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण दोन खांबांमधल्या पाटीवर चौकोनांत बसतात, एकाआड एक तोंडं उलट दिशेला करून. नववी उठून पळणाऱ्याच्या मागे लागते. तिला मागे वळता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. पळणारे तीन-तीनच्या तुकड्यांत येतात आणि त्यांना मात्र कुठूनही जाता येतं. म्हणजे नियमच असे आहेत की एकटीनं धावून कुणी हाती लागत नाही. पळणारी पलीकडे गेली की बसलेल्या सखीच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणायचं, स्वतः तिच्या जागी बसायचं आणि पाठलाग तिला देऊन टाकायचा. या खेळाचं नावच मुळी देऊन टाकण्यावरून पडलंय.

आणि गुणपत्रकात काय लिहितात? पळणाऱ्या खेळाडूपुढे तिनं किती वेळ तग धरला ती मिनिटं-सेकंदं. पाठलाग करणाऱ्या खेळाडूपुढे तिनं किती गडी बाद केले तो आकडा. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तेच येतं, अमकी २.१० मिनिटं संरक्षण आणि ४ गडी. खो कुणी दिला याचा रकाना आपल्याकडच्या नेहमीच्या कागदावर नसतो. बास्केटबॉलमध्ये बास्केट करणाऱ्याबरोबर त्याला पास देणाऱ्याचीही नोंद होते, ‘असिस्ट’ म्हणून. ज्या खेळाचं नावच ‘खो’ आहे, त्यात खोची नोंद नाही.

खो-खोनं एक शहाणपण मात्र दाखवलंय. आपल्याकडे स्पर्धेत बहुधा एकच सर्वोत्तम खेळाडू निवडत नाहीत. उत्कृष्ट संरक्षक, उत्कृष्ट आक्रमक आणि अष्टपैलू असे तीन काढतात. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० आणि मुलांनी नेपाळलाच ५४-३६ असं हरवलं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तिथेही आक्रमक, संरक्षक आणि सामनावीर असे वेगवेगळे पुरस्कार दिले गेले. पकडणं आणि निसटणं ही दोन कौशल्यं एका तराजूत घालता येत नाहीत, हे या खेळानं ओळखलंय. पण तिसरं कौशल्य, वेळेवर देऊन टाकणं, ते अजून रकान्याबाहेर आहे.

दोन हिवाळ्यांपूर्वी घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात मुलींची स्पर्धा होती. कापसाची वेचणी चालू होती, त्यामुळे दोन संघ आठच मुली घेऊन आले आणि त्यांना परत जावं लागलं. अंतिम सामना एका गुणानं सुटला. तिथे मात्र बक्षीस एकच होतं, गावातल्या एका दुकानदारानं दिलेली सायकल, ‘सर्वोत्तम खेळाडू’साठी. टेबलामागे आम्ही चौघं. माझ्यासमोर कागद.

पहिली मुलगी: दोन्ही डावांत मिळून सात गडी. खांबावरून सूर मारायची तेव्हा कडेची पोरं शिट्ट्या वाजवत होती. दुसरी: शेवटच्या पाळीत तीन मिनिटं चाळीस सेकंद पळाली, आणि सामना एका गुणानं जिंकलेला. तिसरी: कागदावर फक्त एक गडी. ती मधल्या चौकोनात बसायची. खो मिळाला की चार-पाच पावलं धावायची, पळणारीला हव्या त्या बाजूला वळवायची आणि लगेच खो देऊन बसायची. स्वतः टिपायच्या मोहात ती एकदाही लांब धावली नाही. तिच्याकडून साखळी एकदाही तुटली नाही, एकही फाउल नाही. हे पंचांना दिसलं होतं. मला दिसलं होतं. कागदाला दिसलं नव्हतं.

आमच्यातले एक काका म्हणाले, “त्या पळणाऱ्या पोरीला द्या. वाडीवरून रोज तीन किलोमीटर चालत शाळेत येते. तिला सायकलीचा उपयोग होईल.”

अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ या २००९ सालच्या पुस्तकात एक कोडं घातलंय. एक बासरी, तीन मुलं. एकीला ती वाजवता येते. एकाकडे दुसरं कुठलंच खेळणं नाही. एकीनं ती स्वतः बनवलीय. बासरी कुणाला द्याल? सेन म्हणतात की तिन्ही दावे खरे आहेत, प्रत्येकामागे न्यायाची एक सबळ कल्पना उभी आहे. हे कोडं त्या दिवशी सायकलीच्या रूपात आमच्या टेबलावर आलं होतं. वाजवणारी, गरजू आणि बनवणारी.

गरजेचा दावा सगळ्यात हळवा. तो नाकारताना माणूस दगडासारखा वाटतो. पण मला तो मान्य नाही. त्या मुलीची गरज खोटी आहे म्हणून नाही, तर ती इतकी खरी आहे म्हणून. तीन किलोमीटर चालणाऱ्या मुलीला सायकल मिळायला हवीच, तिनं तीन मिनिटं चाळीस सेकंद काढली तरी आणि दहाव्या सेकंदाला बाद झाली तरी. तिच्या गरजेला बक्षिसाच्या रांगेत उभं केलं की दोन गोष्टी बिघडतात. बक्षिसाचा अर्थ जातो, आणि जी मुलगी चांगलं खेळत नाही पण तिच्याइतकीच चालते, तिचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. गरज भागवणं ही गावाची, शाळेची, सरकारची जबाबदारी आहे. ती खेळातल्या निवाड्यावर ढकलून आपण मोकळे होतो.

यावर कुणी म्हणेल, बक्षिसानं कुठे आयुष्य बदलतं? आमच्याकडे बदलतं. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कित्येक मुली मैदानावर येतात त्या हे डोक्यात ठेवून. पण गंमत बघा, सांघिक खेळात तिथे विचार होतो तो संघाच्या क्रमांकाचा. सात गडी टिपणारी आणि एक टिपणारी, दोघींचं प्रमाणपत्र सारखं. गाव करी ते राव न करी, हे सरकारी कागदानं मान्य केलंय. त्यामुळे पोटापाण्याचा भाग संघाला सारखा आणि कौतुकाचा भाग एकीला, अशी विभागणी मला तरी वाईट वाटत नाही. मात्र कौतुकाचा भाग एकीला द्यायचा तर तो डोळे उघडे ठेवून द्यायला हवा.

कारण कौतुक मागचं सांगतं, तसं पुढचंही घडवतं. नुसते गडी मोजा, आणि पुढच्या वर्षी बघा काय होतं ते. प्रत्येक मुलगी खो द्यायच्या जागी आणखी दोन पावलं धावेल. कदाचित हाताला लागेल, नाव होईल. दमेल, पळणारी निसटेल, वेळ जाईल. कुणी शिकवलेलं नसताना संघ स्वार्थी होईल, आणि दोष मुलींचा नसेल, रकान्याचा असेल. हे फक्त मैदानावरचं नाही. ज्या ऑफिसात शेवटचा ईमेल पाठवणाऱ्याचं नाव होतं, तिथे काही दिवसांनी सगळे शेवटचा ईमेल पाठवायला धडपडतात.

माझ्या कामातलं सांगते. जालना बियाण्यांसाठी ओळखला जातो. इथल्या बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता. पण संकरित बियाणं म्हणजे नेमकं काय होतं ते बघा. सीड प्लॉटवर बाया संध्याकाळी कपाशीच्या एकेका कळीतले पुंकेसर नखानं काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग त्यावर टेकवतात. एकेका फुलावर, हातानं. एखादी कळी सुटली की शुद्धता घसरते आणि ते आमच्या चाचणीत दिसतं. पिशवीवर वाणाचं नाव असतं, कंपनीचं असतं, चाचणीची तारीख असते. त्या हाताचा रकाना नसतो. मी पिशवीवर नावं छापा असं म्हणत नाहीये. एवढंच म्हणतेय की रकाना नसला की काही दिवसांनी काम झालंच नाही असं वाटायला लागतं.

अशा वेळी एक ठरलेला उपदेश येतो: काम करत राहावं, फळाची आशा धरू नये. मी हा उपदेश खूपदा ऐकलाय आणि एक गोष्ट लक्षात आलीय. ज्याला फळ मिळालं त्याला तो कुणीच करत नाही. ट्रॉफी हातात घेतलेल्याला कधी सांगितलंय का कुणी, की बाबा रे, याची अपेक्षा नको होती ठेवायला? हा उपदेश नेहमी खो देणाऱ्याच्याच वाट्याला येतो. निरपेक्षता मोठी असेलही, पण ती स्वतःहून स्वीकारायची गोष्ट आहे. श्रेय वाटणाऱ्यानं ती दुसऱ्यावर लादली, की ती हिशेब बुडवायची सोय होते.

खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूंना जे पुरस्कार देतात, त्यांची नावं कधी लक्ष देऊन ऐकलीत? पुरुषांसाठी एकलव्य. महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी वीर अभिमन्यू. या तिघांत समान काय? तिघांपैकी कुणीही शेवटी विजयी झालेलं नाही.

एकलव्याची गोष्ट तर थेट याच वादाची आहे. तुझ्यासारखा धनुर्धर दुसरा होणार नाही, असा शब्द द्रोणाचार्यांनी अर्जुनाला दिला होता. म्हणजे पुरस्कार स्पर्धेआधीच जाहीर झालेला. मग रानात एक मुलगा सापडला, जो त्या शब्दापेक्षा सरस होता. निकाल बदलायच्या जागी त्याचा अंगठा मागण्यात आला. आपल्या देशात खेळाडूंसाठी १९६१पासून अर्जुन पुरस्कार आहे आणि प्रशिक्षकांसाठी १९८५पासून द्रोणाचार्य. खो-खोतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मात्र एकलव्याच्या नावानं. आपल्या मराठवाड्यातली धाराशिवची सारिका काळे खो-खो खेळून २०२०मध्ये अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचली, तेव्हा मला या तीन नावांचा त्रिकोण डोळ्यांसमोर आला. खो-खोच्या पुरस्काराला हे नाव देताना कुणाच्या मनात काय होतं ते असो, पण तो पुरस्कार दर वर्षी एक गोष्ट आठवून देतो: निवड करणाऱ्यानं आधी शब्द दिलेला असेल तर निवड चुकते.

आणि अभिमन्यू. चक्रव्यूहात शिरला, अफाट लढला. त्याच्या मागून येणाऱ्यांना जयद्रथानं दारातच अडवलं. खो-खोच्या भाषेत बोलायचं तर त्याला खो मिळाला होता, पुढे खो द्यायला कुणी उरलं नव्हतं. २०१५चा लेब्रॉन काय वेगळा होता? १९६९ साली एनबीएनं अंतिम मालिकेसाठी हा पुरस्कार पहिल्यांदा दिला, तो हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला. त्यानंतर आजपर्यंत तो हरलेल्या संघातल्या कुणालाही मिळालेला नाही. त्या वर्षी जिंकलेल्या बोस्टनचा बिल रसेल तेरा मोसमांत अकरा अजिंक्यपदं घेऊन निवृत्त झाला, तो बचावासाठी आणि इतरांना मोठं करण्यासाठी ओळखला जाणारा खेळाडू. त्याला हा पुरस्कार एकदाही मिळाला नाही. २००९ साली त्या पुरस्कारालाच त्याचं नाव दिलं. रकान्यात न बसलेला माणूस शेवटी रकान्याचं शीर्षक झाला.

मग सर्वोत्तम कोण हे ठरवायचं कसं? इतका विचार करून मी एका साध्या गोष्टीवर आलेय. ‘खरा लायक’ असा एकच माणूस कुठेतरी लपून बसलाय आणि आपण त्याला शोधायचंय, असं नसतं. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. म्हणून निवड करणाऱ्याचं पहिलं कर्तव्य हे की त्यानं आपला प्रश्न कोणता होता ते सांगावं. चांगलं कोण खेळलं, की निकाल कुणी फिरवला, की संघ कुणी बांधून ठेवला? आणि दुसरं कर्तव्य, ज्यांना बक्षीस मिळालं नाही त्यांना कारण द्यावं. जिंकणाऱ्याला बक्षीस मिळतंच. न जिंकणाऱ्याचं निदान एक कारण आपण देणं लागतो.

त्या गावात सायकल सात गडी टिपणाऱ्या मुलीला मिळाली. मला ते मान्य होतं. तिचे सातही सूर खरे होते. पण पंचांनी, ते निवृत्त पीटीचे सर आहेत, नाव नुसतं पुकारलं नाही. माइक हातात घेऊन दोन मिनिटं बोलले. म्हणाले, “आज आम्ही सगळ्यात चांगला हात कुणाचा ते बघितलं, म्हणून ही सायकल हिची. पण सातातले चार गडी मधल्या चौकोनातल्या पोरीनं वळवून दिलेले आहेत. तिचं नाव कागदावर नाही, म्हणून मी इथून घेतो.” आणि त्यांनी ते घेतलं. ती मुलगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी होती. सायकलवाली टाळ्या वाजवत होती, बाकीच्यांपेक्षा जोरात, कारण तिला आधीपासून माहीत होतं.

यानं जग बदललं नाही. वाडीवरची पोर त्या संध्याकाळीही चालतच गेली, आणि ते अजून कुणाच्या तरी नावावर बाकी आहे. पण तिथे बसलेल्या शंभरेक पोरापोरींनी त्या दोन मिनिटांत खो-खो वेगळा पाहिला. टाळी कुठे वाजवायची याची एक नवी जागा त्यांना कळली.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर हा वाद पेटला की आकडे टाकायच्या आधी समोरच्याला विचारा, “तू कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोयस?” निम्मी भांडणं तिथेच मिटतील. उरलेली निम्मी जरूर घाला, ती घालण्यासारखी असतात. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर, त्या वर्षापासून मी गुणपत्रकाच्या उजव्या समासात पेन्सिलीनं एक बारीक रकाना आखते. कुणी मागत नाही, निकालात तो धरत नाहीत. गडी बाद झाला की बाद करणारीचं नाव शाईनं आणि शेवटचा खो देणारीचं पेन्सिलीनं. सामना संपला की दोन्ही संघांच्या मुली आधी शाईचे आकडे बघतात. मग हळूच विचारतात, “ताई, ते बारीक लिहिलंय ते काय आहे?”